‘दिसत नाही’ आणि ‘उघडत नाही’ : घरातल्या कॉम्प्युटरांच्या अबोल्याचा आढावा

घोडबंदर रस्त्यावरचं चेणे हे मीरा-भाईंदर महापालिकेतलं गाव. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधून रात्रंदिवस वाहणारा रस्ता. अशा गावातल्या एखाद्या दुमजली घरात फायबरची तार शिरते, तेव्हा तिच्या टोकाला एक राउटर येतो आणि बघता बघता त्याच्याभोवती एक लहानसं जाळं उभं राहतं. हिशेबाचा जुना डेस्कटॉप, मुलांचे लॅपटॉप, प्रिंटर, टीव्ही, पाच-सहा फोन, सगळं एकाच वायफायवर. तरीही तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरमधली लग्नाची व्हिडिओ फाइल वरच्या मजल्यावर न्यायची तर पेनड्राइव्ह खिशात टाकून जिना चढावा लागतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘शेअरिंग चालत नाही.’ हे तीन वेगवेगळ्या बिघाडांना मिळून दिलेलं एकच नाव आहे, आणि सगळी गफलत इथूनच सुरू होते. रस्ता नसणं, नाव न सापडणं आणि ओळख न पटणं या तीन निराळ्या गोष्टी. त्यांतली तिसरी गेल्या काही वर्षांत सर्वांत मोठी झाली आहे. लोक मात्र तिच्यावर पहिल्या दोन्हींचे उपाय करतात आणि तेवढ्यानं भागलं नाही की घराचं दारच काढून ठेवतात. दार न काढता काम होतं, आणि तसंच ते करावं, असं या आढाव्याचं म्हणणं आहे.

त्यासाठी थोडं मागं जायला हवं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरची फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी उघडावी, ही सोय देणारी भाषा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी आखली. तिचं नाव सर्व्हर मेसेज ब्लॉक, म्हणजेच एसएमबी. मायक्रोसॉफ्टनं ती उचलली, वाढवली, आणि १९९२च्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’पासून ती लहानसहान ऑफिसांत पोचली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी तिच्याशी बोलणारा मुक्त प्रोग्राम लिहिला. एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमानं येणारा शब्द शब्दकोशात धुंडाळून त्यांनी त्याला ‘सांबा’ हे नाव दिलं. लिनक्सची मशिनं आणि घरगुती स्टोरेजचे बहुतेक डबे आज याच सांबावर चालतात. ॲपलनंही २०१३पासून मॅकमध्ये एसएमबीलाच पहिली पसंती दिली. थोडक्यात, घरातली यंत्रं कुठल्याही कुळातली असोत, त्यांची बोली एकच आहे. पण ही बोली जन्मली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर एक खोली होती, एक तार होती आणि एकमेकांना ओळखणारी माणसं होती. तारेवर जो आहे तो आपलाच, हे तिनं धरूनच चाललं होतं. यंत्रं हाका मारून आपापली नावं सांगत, आणि त्या पंधरा अक्षरी नावांवर भरवसा ठेवून सगळा व्यवहार चाले. विंडोज एक्सपीच्या ‘सिंपल फाइल शेअरिंग’मध्ये तर येणारा प्रत्येक जण ‘गेस्ट’ म्हणून आत घेतला जाई. त्या काळी लॅन लावलेल्यांना आजही वाटतं की तेव्हा सगळं कसं आपोआप चालायचं. चालायचं हे खरं, कारण दाराशी ‘कोण?’ म्हणून विचारायला कुणी नव्हतंच.

हा भरवसा २०१७ मध्ये मोडला. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतलं एक भगदाड बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं त्या वर्षीच्या मार्चमध्ये दिली होती. ती न बसवलेल्या कॉम्प्युटरांवर १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम तुटून पडला आणि दीडशेच्या वर देशांत दोन लाखांहून अधिक मशिनं त्यानं कुलूपबंद केली. एक्सपीचा सपोर्ट संपून तीन वर्षं झाली होती, तरी मायक्रोसॉफ्टला अपवाद करून त्याच्यासाठीही दुरुस्ती काढावी लागली. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ आला आणि त्याची झळ थेट महाराष्ट्राला लागली. उरण तालुक्यातल्या जेएनपीटी बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या कंपनीकडे होतं. समूहाच्या जगभरच्या यंत्रणेबरोबर तिथले कॉम्प्युटरही बसले आणि कामगारांना हातानं नोंदी करत माल हलवावा लागला. चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्यानं उभे करावे लागले, असं मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे २०१८च्या जानेवारीत दावोसला सांगितलं. यातली एक गोष्ट घराच्याही कामाची आहे. नॉटपेट्या नुसत्या भगदाडातून फिरला नाही. एका मशिनवर सापडलेली ॲडमिनिस्ट्रेटरची ओळख आणि पासवर्ड चोरून तो दुसऱ्या मशिनमध्ये राजरोस शिरला. त्यामुळे जिथं दुरुस्ती बसवलेली होती, तिथंही सगळीकडे एकच किल्ली चालत असल्यानं नुकसान झालं.

यानंतर विंडोजनं नियम एकामागून एक आवळले. २०१७च्या ऑक्टोबरमधल्या आवृत्तीपासून नव्या विंडोज १० मध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती आपोआप बसवणं थांबलं. २०१८ मध्ये ‘होमग्रुप’ गेला. विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये आलेली ही सोय एका पासवर्डवर सगळं घर जोडून द्यायची. २०२४च्या विंडोज ११मधल्या २४एच२ आवृत्तीनं प्रो आणि त्यावरच्या प्रकारांत पाहुणा म्हणून शिरणं बंद केलं आणि प्रत्येक देवघेवीवर डिजिटल सही सक्तीची केली. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या राउटरच्या यूएसबी खाचेत लावलेली डिस्क किंवा स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरमध्ये टाकणारं जुनं मशिन नव्या लॅपटॉपशी बोलेनासं होतं, ते यामुळेच. त्यांना जुनीच बोली येते आणि नव्या लॅपटॉपनं ती टाकून दिली आहे. ‘कालपर्यंत चालत होतं, विंडोज अपडेट झालं आणि बंद पडलं’ या तक्रारीत म्हणूनच बहुधा तथ्य असतं. फक्त त्याला बिघाड म्हणता येत नाही. कंपनीनं धोरण बदललं आहे. बिघाड असता तर दुरुस्त करून भागलं असतं. धोरण बदललं म्हटल्यावर आपल्यालाही रीत बदलणं आलं.

आता निदानाकडे वळू. पहिली पायरी रस्त्याची. दोन्ही यंत्रं खरोखर एकाच जाळ्यात आहेत का, हे वायफायच्या नावावरून कळत नाही, पत्त्यावरून कळतं. दोन्हींकडे ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन पत्ते शेजारी-शेजारी लिहावेत. एकाचा १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.७ निघाला, तर घरात एकाच्या पोटात दुसरं अशी दोन जाळी आहेत. वायफायवाल्यानं दिलेला राउटर खाली असतो. वर रेंज पोचत नाही म्हणून बाजारातून आणलेला दुसरा राउटर त्याच्या मागे जोडला जातो आणि वरची यंत्रं त्याच्या आडोशाला राहतात. याची खूण अगदी ठळक असते : वरून खालचं फोल्डर उघडतं, खालून वरचं उघडत नाही. उपाय दुसऱ्या राउटरलाच करायचा. त्याला नुसत्या ‘ॲक्सेस पॉइंट’च्या कामाला लावावं, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम एकट्या खालच्याकडे राहील. रस्त्याचे बाकीचे अडथळे किरकोळ आहेत, पण वेळ तेच जास्त खातात. एखादा लॅपटॉप ‘गेस्ट’ वायफायवर असतो, आणि ते जाळं यंत्रांना मुद्दामच एकमेकांपासून दूर ठेवतं. कुठं ऑफिसचं व्हीपीएन चालू राहिलेलं असतं. कुठं फाइल असलेला कॉम्प्युटरच झोपी गेलेला असतो. एक इशारा मात्र द्यायला हवा. ‘पिंग’ या आज्ञेला उत्तर आलं नाही म्हणून रस्ता नाही असं समजू नये, कारण विंडोजची फायरवॉल पुष्कळदा पिंगला गप्प बसवते. पॉवरशेलमधल्या ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ आज्ञेनं थेट ४४५ क्रमांकाचं पोर्ट तपासावं, कारण एसएमबीचं दार तेच आहे. रस्ता सरळ असूनही ते बंद आढळलं, तर फाइल असलेल्या कॉम्प्युटरनं घरच्या वायफायला ‘पब्लिक’ समजलेलं असण्याची शक्यता मोठी. नव्या जाळ्याला विंडोज ११ बहुधा तसंच समजतं. त्या एका वायफायपुरतं ‘प्रायव्हेट’ निवडलं आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू केलं की दार उघडतं. त्यासाठी फायरवॉल बंद करण्याची गरज नसते.

दुसरी पायरी नावाची. ‘नेटवर्क’वर क्लिक केलं आणि खिडकी रिकामी दिसली, की लोक हात टेकतात. पण ती यादी म्हणजे जाळं नव्हे. पूर्वी ती ज्या हाकाटीवर चाले, ती जुन्या एसएमबीबरोबरच गेली. आता आपण हजर असल्याचं जाहीर करण्याचं काम ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ नावाच्या सेवेकडे आहे, आणि ती थांबलेली असेल तर कॉम्प्युटर चालू असूनही कुणाला दिसत नाही. म्हणून यादीकडे दुर्लक्ष करून फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा द्याव्यात आणि त्यापुढे समोरच्याचा आयपी पत्ता लिहावा. पत्त्यानं उघडलं आणि नावानं उघडलं नाही, तर रस्ता ठीक आहे आणि अडचण फक्त नावाची आहे, हे एका झटक्यात सिद्ध होतं. मग ज्या कॉम्प्युटरवर फाइली आहेत, त्याला राउटरमधून एक कायमचा पत्ता राखून द्यावा. पावसाळ्यात वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की वाटलेले पत्ते बदलू शकतात, आणि काल जोडलेला ड्राइव्ह आज लाल फुली दाखवतो, तो एवढ्यासाठीच. कॉम्प्युटरचं आणि शेअर केलेल्या फोल्डरचं नाव आखूड, रोमन अक्षरांत आणि मधे जागा न सोडता ठेवावं. देवनागरी नावाचं फोल्डर चालतं, पण दुसऱ्या मशिनवर किंवा टीव्हीच्या रिमोटनं ते टाइप करताना नाकी नऊ येतात.

तिसरी पायरी ओळखीची, आणि खरा गुंता इथंच आहे. ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ हे दोन्ही संदेश लोक सारखेच वैतागून वाचतात. वास्तविक दुसरा आला तर हायसं वाटायला हवं. आपण दारापर्यंत पोचलो, पलीकडे कुणी जागं आहे, फक्त आपल्याला ओळखत नाही किंवा परवानगी देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. न ओळखण्याची कारणं मोजकी आहेत. सर्वांत जास्त फसवतो तो पिन. रोज सकाळी चार आकडे दाबून कॉम्प्युटर उघडणाऱ्याला तोच आपला पासवर्ड वाटतो, पण पिन त्या एका यंत्रापुरता असतो. जाळ्यावरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलेलं असेल तर तो त्या ईमेल खात्याचा असतो. कित्येकांनी तो खातं उघडताना एकदाच टाकलेला असतो. दुसरं कारण म्हणजे मुळात पासवर्डच नसणं. रिकाम्या पासवर्डचं खातं समोर बसून उघडता येतं, जाळ्यावरून मात्र विंडोज त्याला आत घेत नाही. तिसरं कारण जुन्या आठवणीचं. पासवर्ड बदलला, तरी दुसऱ्या मशिनच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जुनाच जपलेला असतो आणि ते इमानानं तोच पाठवत राहतं. चौथं कारण खास आपल्या घरांतलं. कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो, पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, आणि आत देवनागरी अक्षरं जात आहेत हे कळायला वाव नसतो. पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये टाइप करून पाहिला की ते उघडकीला येतं. या सगळ्यांना पुरून उरणारा उपाय एकच आहे. फाइली असलेल्या कॉम्प्युटरवर केवळ या कामासाठी एक वेगळं स्थानिक खातं उघडावं. त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊ नयेत, नीट पासवर्ड द्यावा, आणि घरातल्या बाकी सर्व यंत्रांवर तीच ओळख जपून ठेवावी. रोजच्या लॉगिनचा आणि शेअरिंगचा संबंध तुटला की निम्मी भांडणं मिटतात.

ओळख पटल्यावर उरतो तो परवानगीचा प्रश्न. विंडोजमध्ये ती दोन ठिकाणी तपासली जाते, शेअरवर आणि प्रत्यक्ष फोल्डरवर, आणि दोन्हींत जी कडक असेल ती लागू होते. म्हणून ‘शेअरिंगमध्ये सगळ्यांना फुल कंट्रोल दिलाय’ असं म्हणणाऱ्यालाही फाइल उघडता येत नाही. आणखी एक बारीक मेख आहे. फाइल त्याच डिस्कवर एका जागेवरून उचलून शेअर केलेल्या फोल्डरमध्ये टाकली, तर ती आपल्या जुन्या परवानग्या घेऊन येऊ शकते. कॉपी केली, तर नव्या जागेच्या परवानग्या घेते. एकाच फोल्डरमधल्या नऊ फाइली उघडतात आणि दहावी उघडत नाही, याचं उत्तर बहुधा इथंच सापडतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : घरातल्या घरात कसला पासवर्ड? फायरवॉल बंद करा, जुना एसएमबी चालू करा, ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ काढून टाका, पाच मिनिटांत काम होतं. आक्षेपात तथ्य आहे, कारण काम खरोखर होतं. शिवाय राउटरच्या मागे असलेल्या घरात बाहेरून कुणी थेट ४४५ क्रमांकाच्या दारावर येऊन उभा राहत नाही, हेही मान्य करायला हवं. पण धोका बाहेरून चालत येत नाही, घरातलंच कुणीतरी त्याला आत आणतं. दुकानातून फोटो आणलेला पेनड्राइव्ह, बिलाच्या नावानं आलेली ईमेल, दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याचा लॅपटॉप, यांतलं एक पुरतं. आणि एकदा का खंडणीखोर प्रोग्राम एका मशिनवर सुरू झाला, की त्याला भगदाडाचीही गरज उरत नाही. जिथं लिहायची परवानगी आहे, ते प्रत्येक शेअर केलेलं फोल्डर तो कुलूपबंद करू शकतो. सर्वांना सगळं खुलं असलेल्या घरात एका लॅपटॉपची लागण म्हणजे सगळ्या घराचे फोटो आणि सगळ्या धंद्याचा हिशेब. गंमत अशी की त्या तीन उपायांतले दोन बहुतेक वेळा गैरलागूच असतात. पिन आणि पासवर्डच्या घोटाळ्यासाठी फायरवॉल बंद करणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तिन्ही एकदम केल्यावर काम झालं, तर नेमकं कशानं झालं ते कळत नाही, आणि मग एकही मागे घेण्याचा धीर होत नाही. मायक्रोसॉफ्टचे नेड पाइल यांनी पहिला एसएमबी वापरणं थांबवा, असं २०१६ मध्येच, म्हणजे वॉनाक्रायच्या आधी, जाहीरपणे लिहिलं होतं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना पुढच्या वर्षी उत्तर मिळालं.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट टोकाचा : एवढा खटाटोप हवाच कशाला? व्हॉट्सॲप आहे, गूगल ड्राइव्ह आहे, पेनड्राइव्ह आहे. एखाददुसऱ्या फाइलपुरतं हे बरोबर आहे, आणि फोनवरून लॅपटॉपवर चार फोटो घ्यायला ‘क्विक शेअर’ किंवा ‘लोकलसेंड’सारखी साधनं जास्त सुटसुटीत आहेत. पण गणित मांडून पाहा. वीस जीबीची लग्नाची फाइल १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून क्लाउडवर चढवायला, सगळं सुरळीत असेल तरी, २७ मिनिटं लागतात, आणि खाली उतरवायला पुन्हा तेवढीच. ड्राइव्हची फुकट जागा पंधराच जीबी, म्हणजे फाइल तिथं मावतच नाही. व्हॉट्सॲपवर एका फाइलला दोन जीबीची मर्यादा. पेनड्राइव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीचा असेल, तर चार जीबीहून मोठी फाइल तो घेतच नाही. तीच फाइल घरातल्या गिगाबिट तारेवरून तीन-साडेतीन मिनिटांत जाते, इंटरनेट बंद असलं तरी जाते, आणि घराबाहेर पडत नाही. आणखी मोठा फरक वेगळाच आहे. पेनड्राइव्हनं फाइलीच्या प्रती होतात, शेअरिंगमध्ये फाइल एकच राहते. घरातून चालणाऱ्या लहान धंद्यात खालचा कॉम्प्युटर आणि वरचा लॅपटॉप असे दोन्हीकडे बिलांचे वेगवेगळे तक्ते तयार झाले की महिनाअखेरीला खरा कोणता, हे ठरवायलाच संध्याकाळ जाते. अर्थात शेअरिंग म्हणजे बॅकअप नव्हे. एकच फाइल म्हणजे एकच नुकसान, म्हणून आठवड्यातून एकदा सुट्या डिस्कवर प्रत घेऊन ती डिस्क काढून ठेवणं याच शिस्तीचा भाग आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : हे सगळं सामान्य माणसानं का शिकावं? कंपन्यांनी सोपं करून द्यायला हवं होतं. हे म्हणणं खरंच आहे. सुरक्षिततेसाठी जुनी दारं बंद करणं योग्य होतं, पण होमग्रुप काढून घेताना त्याच्या जागी तितकंच सोपं काही दिलं गेलं नाही. पिन आणि पासवर्ड यांतला फरक संदेशात चार शब्दांत सांगता आला असता. तो न सांगता पुन्हा पुन्हा रिकामी चौकट पुढे केली जाते. तरीही दोष कंपनीचा म्हणून उपाय धोक्याचा करावा, असं त्यातून निघत नाही. यंत्रानं ‘तू कोण?’ असं विचारणं बरोबर आहे. विचारण्याची पद्धत उर्मट आहे, एवढाच आपला वाद असू शकतो.

सगळं जमेला धरल्यावर निष्कर्ष साधा उरतो. फाइली एका ठरलेल्या कॉम्प्युटरवर ठेवाव्यात. त्याला कायमचा पत्ता, आखूड नाव आणि शेअरिंगपुरतं वेगळं खातं द्यावं. सगळी डिस्क न देता एकच फोल्डर द्यावं, आणि ज्याला फक्त पाहायचं आहे त्याला फक्त वाचण्याची परवानगी द्यावी. जी जुनी यंत्रं नवी बोली शिकूच शकत नाहीत, त्यांच्यासाठी सगळ्या घराचे नियम सैल करू नयेत. त्यांना लावलेली डिस्क काढून या ठरलेल्या कॉम्प्युटरला जोडावी. बिघडलं तर रस्ता, नाव, ओळख, परवानगी याच क्रमानं तपासावं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हे सगळं करायला एक दुपार पुरते. तो पत्ता, ते नाव आणि शेअरिंगचं खातं एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा, पासवर्ड मात्र घरातल्या दोघांनी पाठ करा. म्हणजे पुढच्या वेळी वीज जाऊन आली, तर पेनड्राइव्ह शोधण्याआधी तो कागद वाचता येईल.